रेस्पिरेटर म्हणजे नुसता मास्क नव्हे

पिंपरीतल्या एका पेंट शॉपमध्ये मी नव्या मुलांना सेफ्टी शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिते: रेस्पिरेटर. जुन्या डॉक्टरी इंग्रजीत व्हेंटिलेटरलाही हाच शब्द होता, म्हणून आधी गोंधळ दूर करते. व्हेंटिलेटर रोग्याच्या फुप्फुसात हवा ढकलतो. आपला रेस्पिरेटर फक्त हवा गाळतो, श्वास आपला आपणच घ्यायचा.

कापडी किंवा सर्जिकल मास्कला रेस्पिरेटर म्हणू नका, तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. एन९५ हा मात्र रेस्पिरेटरच. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण तो अडवतो. पण थिनरची वाफ त्यातून सरळ आत येते! स्प्रे मारताना वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज (रेस्पिरेटरला दोन्ही बाजूंना लावायची डबी) आणि रंगाच्या तुषारांसाठी त्यावर प्रीफिल्टर, दोन्ही लागतात.

आता हा कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर बसवणं. हनुवटी आधी आत, मग पट्टे. दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाका आणि हळू श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून तसाच राहिला तर ठीक. कडेनं हवा आली तर पट्टे नीट करून पुन्हा तपासा. दाढी असेल तर सील बसतच नाही. मुलं कुरकुरतात, पण इथे मी ऐकत नाही: दाढी काढूनच बूथमध्ये यायचं.

आणि टाकीत उतरताना हा हवा गाळणारा रेस्पिरेटर चालणार नाही. तिथे ऑक्सिजन कमी असू शकतो, आणि तो ऑक्सिजन तयार करत नाही. तिथे बाहेरून हवा पुरवणारा संच लागतो.