मुंबई ते लंडन: अंतर किती, तास किती, स्वतःच कसं काढायचं

तिकिटावर दिसतं दुपारी 1 ला मुंबईहून सुटणार, संध्याकाळी 6:30 ला लंडन. अरे वा, साडेपाच तासांत लंडन? नाही हो. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चचा शेवटचा रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं आणि एरवी साडेपाच. म्हणून पोचायच्या वेळेत साडेचार मिळवा, रात्रीचे 11 झाले, म्हणजे प्रवास 10 तासांचा. परत येताना पण तेच, रात्री 8:30 ला निघून सकाळी 10 ला मुंबई दिसलं तर 8:30 चे आपल्याकडे रात्रीचे 1, म्हणजे 9 तास.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वी गोल आहे त्यामुळे ते माप चुकतंच. घरात मुलांचा 30 सेंमी व्यासाचा पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, दोरा साधारण 17 सेंमी भरेल, 1 सेंमी म्हणजे सुमारे 425 किमी, झाले 7,200 किमी. गोल नसेल तर गूगल मॅपवर कॉम्प्युटरवरून राइट क्लिक करून मेजर डिस्टन्स घ्या, तेवढंच येतं.

मोठं जेट वर गेल्यावर ताशी 900 च्या आसपास उडतं. 7,200 भागिले 900 म्हणजे 8 तास, त्यात रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं याचा अर्धा पाऊण तास धरा.

मग तिकिटावर 10 कुठून आले? खरी मजा इथे आहे. तो ताणलेला दोरा कराचीजवळून, इराण, जॉर्जिया, युक्रेन असा जातो, आणि तसं उडता कुठे येतंय? युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद, पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना बंदी घातली, म्हणून वळसा पडतो आणि तो कंपनीप्रमाणे वेगळा असतो. शिवाय 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना तो समोरून येतो आणि येताना मागून ढकलतो, म्हणून परतीला सहसा तास-दीड तास कमी लागतात. हिवाळ्यात वारा जास्त जोरात असतो.

दुबईमार्गे जायचं असेल तर उगाच घाबरू नका, अंतर जेमतेम 200 किमीच वाढतं, वेळ खातो तो मधला थांबा. आई-बाबा एकटे जाणार असतील तर मात्र मी तरी डायरेक्टच बघेन.