स्विचच्या पोर्टवरची बँडविड्थ मोजायला कोणतं टूल?

टूल शोधण्याआधी स्विच मॅनेज्ड आहे का, म्हणजे त्यात शिरून सेटिंग करता येतं का, ते बघा. साध्या अनमॅनेज्ड स्विचकडे आकडा विचारायची सोयच नसते. तिथे राउटरच्या पोर्टवर मोजा किंवा मध्ये एक स्मार्ट स्विच टाका.

पोर्टवरून किती ट्रॅफिक जातोय एवढंच हवं असेल तर एसएनएमपी (नेटवर्कवरून उपकरणाचे आकडे वाचायचा प्रोटोकॉल) पुरतं. स्विचवर फक्त वाचण्यापुरतं एसएनएमपी चालू करा, 'पब्लिक' ही कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) बदला, मॉनिटरिंग सर्व्हरच्याच आयपीला एसएनएमपीचा यूडीपी १६१ खुला ठेवा. जमत असेल तर व्हर्जन ३ वापरा.

बहुतेक जण फसतात ते काउंटरवर. पोर्टवरून गेलेले ऑक्टेट (म्हणजे बाइट) स्विच काउंटरमध्ये मोजत असतो. जुना ३२ बिटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ ऑक्टेटनंतर शून्यावर येतो. १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिटचा) पोर्ट भरून वाहत असेल तर ही वेळ पावणेसहा मिनिटांत येते, एक गिगाबिटवर जेमतेम ३४ सेकंदांत. पाच मिनिटांनी वाचणाऱ्या टूलला मधल्या फेऱ्या कळतच नाहीत, आणि भरलेली लिंक ग्राफमध्ये निवांत दिसते. म्हणून ६४ बिटचा काउंटर घ्या. त्याचा एसएनएमपीतला पत्ता (ओआयडी): आत येणाऱ्यासाठी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, बाहेर जाणाऱ्यासाठी शेवटी ६ ऐवजी १०. तो व्हर्जन १ मध्ये मिळत नाही, किमान २सी लागतं.

टूल लावल्यावर एकदा हाताने ताळा करा. ३०० सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या दोन वाचनांत २२५ कोटी ऑक्टेटचा फरक आला, तर गुणिले ८, भागिले ३००, म्हणजे ६० एमबीपीएस. ग्राफ साडेसात दाखवत असेल तर तो बाइट मोजतोय. 'इन' आणि 'आउट' स्विचच्या बाजूने असतात हेही ध्यानात ठेवा. पीसीचं डाउनलोड पोर्टच्या 'आउट'मध्ये दिसतं.

पाच-दहा पोर्टना एमआरटीजी अजूनही बास आहे. स्विच बरेच असतील तर लिब्रेएनएमएस घ्या, पोर्ट स्वतः शोधतं. सर्व्हर, यूपीएस सगळं एकाच ठिकाणी हवं असेल तर झॅबिक्स, पण सेटअपला वेळ द्यावा लागतो. पोर्टना स्विचवरच 'अकाउंट्स अपलिंक' अशी डिस्क्रिप्शन द्या. रीबूटनंतर काही स्विचवर इंटरफेसचे क्रमांक बदलतात आणि ग्राफ भलत्याच पोर्टचा होतो. सिस्कोवर ते कायम ठेवायची कमांड आहे. इतर स्विचसाठी टूलला क्रमांकाऐवजी पोर्टच्या नावाने ओळखायला सांगा.

ग्राफ ४० टक्क्यांवर आणि तरी तक्रारी? पाच मिनिटांच्या सरासरीत दोन सेकंदांचा भडका विरघळून जातो. त्याच पोर्टचे आउट डिस्कार्ड (बाहेर न पाठवता टाकून दिलेली पॅकेट) वाढताहेत का बघा, पोलिंग, म्हणजे आकडा वाचायचं अंतर, ६० सेकंदांवर आणा.

बँडविड्थ कोण खातंय हे मात्र काउंटर सांगणार नाही. त्यासाठी स्विचमध्ये एसफ्लो किंवा नेटफ्लो (कोणाचा ट्रॅफिक कुठे गेला याची माहिती पाठवणारी सोय) हवं, आणि ते गोळा करायला कलेक्टर. दोन्ही नसेल तर पोर्ट मिरर करून (त्याच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवून) तिथे एनटॉपएनजी हे ट्रॅफिक तपासायचं टूल लावा. फक्त एक हिशेब चुकवू नका: गिगाबिट पोर्टचे दोन्ही दिशांचे मिळून दोन गिगाबिट होतात, मिररचा पोर्ट एकच गिगाबिट बाहेर टाकतो. उरलेली पॅकेट तिथेच गळतात.