ब्लोन फिल्म लाइनवर या चुका टाळा: आधी कारण शोधा, मग तापमानाला हात लावा

ब्लोन फिल्म लाइनवर प्लास्टिकचा दाणा हॉपरमधून गरम बॅरलमध्ये येतो, आत फिरणारा स्क्रू तो वितळवून गोल डायच्या फटीतून नळीसारखा बाहेर ढकलतो, ती नळी हवेने फुगून बबल होतो, आणि वरचे निप रोल तो दाबून, ओढून सपाट फिल्म करतात. बबल हलायला लागला, फिल्म जाड-पातळ यायला लागली किंवा बबल मधेच फुटला, की बहुतेक ठिकाणी ऑपरेटरचा हात आधी तापमानाच्या कंट्रोलरकडे जातो. पाच अंश वाढवले, दोन मिनिटांत फरक दिसला नाही, म्हणून आणखी पाच वाढवले. अर्ध्या तासाने दोन्ही बदल एकदम मालात उतरतात आणि बबल सैल पडतो. मग उलटी कमी करण्याची धावपळ. वाळूज असो, जालना असो की लातूर, पाळीच्या शेवटी साचणाऱ्या वेस्टेजमागे ही सवय फार मोठ्या प्रमाणात असते.

तापमानातला बदल वितळलेल्या मालात पूर्ण उतरायला १५ ते २० मिनिटे लागतात, मोठ्या डायला त्याहून जास्त. हवेचा आणि निप रोलच्या ओढीचा परिणाम मात्र एक-दोन मिनिटांत दिसतो. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: हवा, पाणी, दाणा, जाळी (डायच्या आधी माल गाळणारी), ओढ, आणि सर्वांत शेवटी तापमान. एका वेळी एकच गोष्ट बदला. किती वाजता काय बदलले ते वहीत लिहा, नाहीतर पुढच्या पाळीचा माणूस तेच पुन्हा करत बसतो.

थंड मशीनवर स्क्रू फिरवणे

कंट्रोलरवर १६० दिसले म्हणजे आतला माल १६० ला आला, असे नसते. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बॅरलच्या किंवा डायच्या पोलादात बसवलेला असतो. आत आदल्या दिवशीचा गोठलेला माल असतो आणि तो हळूहळू वितळतो. सर्व झोन सेट तापमानाला आल्यावर लहान मशीनला निदान ४५ मिनिटे ते तास, मोठ्या डायला दोन तास किंवा जास्त थांबा. घाईने स्क्रू फिरवला तर मोटरचा अँपिअर चढतो. स्क्रू पिळवटू शकतो, बॅरल आणि डाय जोडणाऱ्या ॲडॉप्टरचे बोल्ट तुटू शकतात, आणि अडकलेला माल दाबाने डायमधून गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. पहिला माल निघेपर्यंत डायच्या समोर किंवा वर वाकून कोणीही उभे राहू नये. सुरुवात ५ ते ८ आरपीएमवर करा, नजर अँमीटरवर ठेवा. काटा वाढतच राहिला तर लगेच बंद करून आणखी थांबा.

उलट चूकही होते. हॉपर रिकामा असताना स्क्रू बराच वेळ फिरवला की स्क्रू आणि बॅरल एकमेकांवर घासतात. ही झीज लगेच कळत नाही. काही महिन्यांनी त्याच आरपीएमला उत्पादन कमी पडू लागते, तेव्हा लक्षात येते.

तापमानाचा ढोबळ अंदाज असा: फिल्मच्या एलडीला (लो डेन्सिटी पॉलिथिन) १५० ते १८० अंश सेल्सिअस, एलएलडीला (लिनिअर लो डेन्सिटी) १८० ते २१०, एचएमला (हाय मॉलिक्युलर, म्हणजे हाय डेन्सिटी) १९० ते २२०. नेमका आकडा दाण्याच्या ग्रेडवर ठरतो, त्यामुळे पुरवठादाराच्या ग्रेडशीटवरचा आकडाच खरा धरा. एका झोनचे तापमान सेटच्या खाली हळूहळू घसरत असेल तर सेटिंग वाढवून काही साधत नाही. बँड हीटर जळालेला असतो किंवा एक फेज गेलेली असते. प्रत्येक झोनचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा, पाच मिनिटांत उत्तर मिळते.

मे महिन्यातली फ्रॉस्ट लाइन

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, आणि खरिपाच्या मिरची-भाजीपाल्यासाठी मल्चिंगची (वाफ्यावर अंथरायच्या फिल्मची) मागणीही त्याच सुमारास येते. पत्र्याच्या शेडमधली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. ब्लोअर तीच हवा ओढून डायवरच्या एअर रिंगमधून (हवेच्या कड्यातून) बबलवर सोडतो. जानेवारीत ज्या आरपीएमला बबल ताठ उभा होता, तो आता मऊ राहतो, फ्रॉस्ट लाइन (वितळलेला माल जिथे गोठतो ती रेषा) वर सरकते, बबल डोलतो, आणि निप रोलपर्यंत गरम फिल्म पोचून आतले दोन पदर एकमेकांना चिकटतात. यावर तापमान वाढवणे म्हणजे दुखणे वाढवणे.

आधी ब्लोअरचा फिल्टर काढून बघा. धुळीच्या दिवसांत तो आठवड्यातून दोनदाही साफ करावा लागतो. पट्टा सैल आहे का, होजला भोक आहे का, सर्व होज एकाच लांबीच्या आहेत का, तेही पाहा. ब्लोअरचे तोंड मशीनच्या उष्णतेपासून दूर, शक्यतो सावलीच्या बाजूला काढा. चिलर असेल तर एअर रिंगला १० ते १५ अंशांची हवा मिळाली पाहिजे. पावसाळा लागला की याच थंड होजवर दव धरते आणि थेंब बबलवर पडून भोके पाडतात, म्हणून होजला इन्सुलेशन हवेच. हे सगळे करूनही फ्रॉस्ट लाइन उतरली नाही तर आरपीएम कमी करा. उन्हाळ्यात उत्पादन थोडे कमी घेणे हे चिकटलेले रोल परत येण्यापेक्षा स्वस्त पडते.

उकाडा होतो म्हणून शेडची दोन्ही दारे उघडी टाकणे, पेडेस्टल पंखा डायच्या दिशेने फिरवणे, हेही बबल डोलण्याचे कारण असते. माणसांना हवा द्या, पण डाय ते निप रोल या टप्प्याला पडदा लावा.

एलडीसाठी फ्रॉस्ट लाइन साधारण डायच्या व्यासाच्या दीड ते तीन पट उंचीवर येते. एचएमचा हिशेब वेगळा. तिथे डायवरून निघालेली बारीक मान व्यासाच्या सहा ते नऊ पट उंच जाऊ द्यावी लागते आणि मग बबल फुलतो. एलडी चालवणारा ऑपरेटर पहिल्यांदा एचएमवर आला की तो सवयीने मान खाली आणतो, आणि फिल्म उभी फाटायला लागते.

बोअरचे पाणी आणि तुंबलेला हॉपर

स्क्रूचा आरपीएम तोच, पण अँपिअर पडला आणि बबल बारीक होत गेला, तर माल पुढे जात नाही असे समजा. हॉपरच्या तळाशी दाणे मऊ होऊन गोळा धरतो. कारण बहुधा फीड थ्रोट, म्हणजे दाणा बॅरलमध्ये शिरतो ते तोंड, थंड ठेवणारे पाणी. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, त्याचा क्षार जॅकेटमध्ये साचतो, प्रवाह कमी होतो आणि थ्रोट तापतो. थ्रोट ४० ते ५० अंशांच्या आसपास राहिला पाहिजे. हात लावून पोळत असेल तर पाणी बघा. सॉफ्टनर लावा, ते जमत नसेल तर निदान ठरावीक काळाने जॅकेट डिस्केल करा.

गोळा फोडायला चालत्या मशीनमध्ये सळई किंवा हात घालू नका. सळई स्क्रूत अडकली तर स्क्रू जातो, हात अडकला तर हात जातो. मोटर बंद, मेन स्विच बंद, स्विचला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मगच हॉपर उघडा.

जाडीचा दोष नेमका कुठला?

इथे जरा सविस्तर बोलायला हवे, कारण नफा इथेच गळतो. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचा मल्चिंग रोल घ्या. घनता ०.९३ धरली तर निव्वळ वजन सुमारे ११.१६ किलो. तोच रोल सरासरी २८ मायक्रॉनचा निघाला तर १२.५ किलो. लांबीवर विकताना दर रोलमागे १.३ किलोहून जास्त दाणा फुकट गेला. आणि २५ च्या रोलमध्ये एक पट्टा २० चा असेल तर शेतात फिल्म तिथेच फाटते, तक्रार येते.

म्हणून सेटिंगच्या आधी कागदावर हिशेब करा. नळीच्या एका मीटरचे वजन ग्रॅममध्ये = रुंदी मीटरमध्ये × २ × मायक्रॉन × घनता. ६०० मिमी सपाट रुंदी, २५ मायक्रॉन, घनता ०.९२ असेल तर २७.६ ग्रॅम. मशीन तासाला ५० किलो देत असेल तर ओढ मिनिटाला सुमारे ३० मीटर हवी. त्यानंतर एक मीटर कापून तराजूवर ठेवा. चिमटीत धरून केलेला अंदाज नको.

फुगवट्याचा हिशेबही असाच. सपाट रुंदी × ०.६३७ = बबलचा व्यास. ६०० मिमीला ३८२ मिमी येतो. डाय १५० मिमीची असेल तर ब्लो-अप रेशो (बबलचा व्यास भागिले डायचा व्यास) २.५५. एलडीला २ ते ३ ठीक. दीडच्या आसपास चालवलेली फिल्म उभी सहज फाटते, म्हणून लहान रुंदीच्या ऑर्डरला लहान डाय लावा.

आता दोष. घेराभोवती आठ ठिकाणी मायक्रोमीटरने जाडी मोजा आणि डायवर खडूने त्या खुणा करा. जाड पट्टा नेहमी एकाच खुणेवर येतो का? येत असेल तर एअर रिंग थोडी फिरवून पुन्हा मोजा. जाड जागा रिंगबरोबर सरकली तर दोष हवेचा आहे. जिथे वारा जोरात लागतो तिथे फिल्म लवकर गोठते, कमी ताणली जाते आणि जाड राहते. जागा सरकली नाही तर डायचा गॅप. बोल्ट जुळवताना आधी समोरच्या बाजूचा बोल्ट सैल करा, मग जाड बाजूचा घट्ट करा. एका वेळी अगदी थोडा फेर, नंतर दहा मिनिटे थांबून मोजमाप. थंड डायवर बोल्ट कधीही आवळू नका.

जाडी घेराभोवती बरोबर आहे पण लांबीत ठरावीक अंतराने चढ-उतार होतो, तर डायला हात लावायचे कारणच नाही. तो लहरीचा दोष आहे: हॉपरमधला गोळा, तुंबलेली जाळी, मोटरचा घसरणारा पट्टा किंवा निप रोलची घसरण.

जेल, काळे ठिपके आणि खरखरीत फिल्म

पारदर्शक, माशाच्या डोळ्यासारखे ठिपके म्हणजे न वितळलेला किंवा रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जुळून घट्ट झालेला माल. काळे ठिपके म्हणजे कुठेतरी साचून जळालेला. लांब रेषा म्हणजे डायच्या ओठावर काजळी. ओठ साफ करायला फक्त पितळी किंवा तांब्याची पट्टी वापरा. लोखंडी पाते एकदा घासले की ती रेषा प्रत्येक मीटरवर उमटते आणि डाय पॉलिशला पाठवावी लागते.

फिलर (भरावाचा दाणा) आणि काळा मास्टरबॅच (रंगाचा दाणा) ओलावा धरतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली पोती थेट हॉपरमध्ये रिकामी केली की फिल्ममध्ये बारीक बुडबुडे आणि भोके येतात. ८० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. पोत्याचे तोंड बांधून ठेवा, आणि दुसऱ्या बाजूला ठेवलेला रीप्रोसेस (वापरलेल्या प्लास्टिकचा) दाणा त्यात मिसळू देऊ नका. वरून फिल्म खरखरीत, सुसरीच्या कातडीसारखी दिसत असेल तर ती बहुधा एलएलडी आहे आणि डायचा गॅप अरुंद आहे. इथे मात्र डायच्या ओठाचे तापमान थोडे वाढवणे हा खरा उपाय आहे. सोबत उत्पादन कमी करा किंवा प्रोसेसिंग एड (माल डायमधून सहज सरकवणारे मिश्रण) टाका.

जाळी बदलताना स्क्रू थांबवा आणि दाबाचा काटा शून्यावर येऊ द्या. आत दाब असताना क्लॅम्प उघडला तर वितळलेला माल तोंडावर उडतो. फेस शील्ड, लांब बाह्या आणि उष्णतारोधक हातमोजे घातल्याशिवाय हे काम नको.

छपाई सुटते अशी तक्रार आली तर कोरोना ट्रीटरची (शाई धरावी म्हणून फिल्मवर विजेचा मारा करणाऱ्या यंत्राची) पातळी डाइन पेनने, म्हणजे पृष्ठभागाचा ताण दाखवणाऱ्या पेनने, तपासा. ३८ ते ४२ डाइन हवे, आणि छपाईच्या बाजूला हवे. स्लिप (फिल्म निसरडी करणारे रसायन) जास्त झाली तरी शाई धरत नाही. ट्रीटरमधून ओझोन निघतो, त्याचा धूर पाइपने शेडच्या बाहेर काढा.

निप रोल, ब्लेड आणि भाजणे

हाताला सर्वांत वाईट इजा निप रोलमध्ये होते. फिल्म चढवताना, सुरकुती ओढताना, रोल पुसताना बोटे आत जातात. खांद्यावरचा रुमाल, सैल बाही, अंगठी, कडे काढूनच मशीनवर या. फिल्म चढवायला दोन माणसे हवीत, एकाचा हात आणीबाणीच्या बटणावर. ते बटण दर पाळीला दाबून खरोखर चालते का ते पाहा. मनगटात सहज शिरेल अशा उघड्या ब्लेडऐवजी आकड्याचे कटर द्या.

कोरड्या हवेत वाइंडरवर (फिल्म गुंडाळणाऱ्या भागावर) स्थिर वीज साचते आणि झटका बसून माणूस दचकून रोलवर पडू शकतो. अँटिस्टॅटिक बार आणि मशीनचे अर्थिंग तपासा. शाई-सॉल्व्हंटचे डबे वाइंडरजवळ ठेवू नका.

वितळलेला माल कातडीला चिकटला तर ओढून काढू नका, कातडी सोबत निघते. लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका, आणि चिकटलेल्या मालासकट दवाखान्यात न्या.

वीज गेली तर

ब्लोअर थांबतो, बबल बसतो आणि गरम माल एअर रिंगवर सांडतो. आधी मोटरचा वेगाचा नॉब शून्यावर आणा आणि मेन बंद करा, म्हणजे वीज आल्यावर मशीन आपोआप सुटणार नाही. हॉपरची पट्टी बंद करा, बबल कापा, रिंगवरचा माल मऊ आहे तोवर पितळी पट्टीने काढा.

जनरेटर लहान असेल तर त्यावर सर्वांत आधी थंड पाण्याचा पंप आणि शेडचे दिवे घ्या. पाणी थांबले की बॅरलची उष्णता मागे सरकून थ्रोटमधला दाणा वितळतो, आणि वीज आल्यावर मशीन तिथेच तुंबते. थांबा लांबणार असेल तर वीज आल्यावर हीटरचे सेटिंग ३० अंशांनी खाली ठेवा, म्हणजे आतला माल जळणार नाही. रात्रभर बंद ठेवायचे असेल तर एलडीने धुऊन बॅरल भरलेले सोडा. एचएम आत ठेवू नका. पुन्हा सुरू करताना आधी पाण्याचा प्रवाह, मग प्रत्येक झोनचा करंट पाहा, सेट तापमान आल्यावर सुरुवातीला सांगितल्याइतका वेळ थांबा, आणि पुन्हा ५ ते ८ आरपीएमपासून, डायसमोरून बाजूला उभे राहून सुरुवात करा.