होडी पाण्यात लोटण्याआधी: आउटबोर्डचे दिवे आणि सेन्सर

31 जुलैला मासेमारीबंदी संपते आणि किनाऱ्यावर एकच धांदल उडते. जाळी, दोर, बर्फ, खलाशी सगळ्यांची जुळवाजुळव होते. इंजिनच्या इशाऱ्याचे दिवे मात्र ते खोल पाण्यात पेटेपर्यंत कुणाला आठवत नाहीत. म्हणून फोर-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाची, ही तयारी होडी वाळूत असतानाच करा, दिवसाउजेडी आणि इंजिनची पुस्तिका जवळ ठेवून.

आधी चावी नुसती ऑन करा, इंजिन चालू करू नका. बहुतेक इंजिनांत इशाऱ्याचे दिवे क्षणभर पेटतात, बझर एकदा वाजतो. कुठला दिवा पेटला नाही ते लिहून ठेवा. पेटलेल्या दिव्यापेक्षा मला या न पेटणाऱ्या दिव्याची जास्त भीती वाटते, कारण इंजिन तापलं तरी तो गप्पच राहणार. लगेच बॅटरी मोजा. चार्ज झालेली, काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर आकडा साधारण 13.5 ते 14.5 च्या दरम्यान जातो. व्होल्टेज पडलं की इंजिनचा कंट्रोल युनिट भलतेच इशारे देऊ लागतो. त्यामुळे टर्मिनल घासून घट्ट केल्याशिवाय आणि अर्थिंगची वायर तपासल्याशिवाय एकही सेन्सर विकत आणू नका. खाऱ्या हवेत सेन्सरपेक्षा त्याचा कनेक्टर आधी जातो. तो उघडा, हिरवा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून पुन्हा बसवा. वायरला सुई टोचून करंट पाहायची सवय सोडा. त्या भोकातून खारं पाणी आत शिरतं.

तापमानाच्या दिव्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या इंजिनात इंपेलरची (थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंख्याची) रबरी पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात, म्हणून हंगामाच्या तोंडावर तो बदललेलाच बरा. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही चालवू नका. पिंपात ठेवा किंवा पाणी घेण्याच्या जाळीवर पाइपाची टोपी लावा. इंजिनच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक असेल तर इंजिन बंद करून त्या छिद्रात पातळ तार घाला. कित्येकदा वाळूचा कणच अडकलेला असतो. धार जोरात आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नका. बऱ्याच इंजिनांत ती थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडून पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) आधीच फुटते, त्यामुळे सिलिंडर हेडपर्यंत पाणी पोचलं की नाही हे तिच्यावरून कळत नाही. तिथे तापमान मोजायची गन धरा. हेड खरोखर तापलं असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत गरम करा. समुद्रात चालणाऱ्या इंजिनांचा थर्मोस्टॅट साधारण 50 ते 60 अंशांच्या दरम्यान उघडतो. गाडीपेक्षा कमी, कारण पाणी जास्त तापलं की मीठ आतल्या वाटांमध्ये बसतं. हेड थंड आहे आणि दिवा तरीही पेटतो, तेव्हा कुठे सेन्सरवर संशय घ्या. तो बाहेर काढून ओममध्ये मोजा. बहुतेक तापमान सेन्सरचा रोध उष्णता वाढली की कमी होतो. नेमके आकडे पुस्तिकेत मिळतील.

ऑइलचा दिवा पेटला तर इंजिन तत्काळ बंद, ‘थोडं चालवून बघू’ नाही. इंजिन उभं सरळ करून डिपस्टिक पाहा. ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तेही नीट नाही. पातळी आणि रंग बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर मेकॅनिककडून स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब मोजून घ्या.

इंधनाचं थोडक्यात: आता पंपावर सर्रास 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते हवेतली ओल शोषतं आणि पाणी वाढलं की खाली वेगळं बसतं. बंदीआधीचं उरलेलं पेट्रोल इंजिनला देऊ नका. पाणी वेगळं करणारा फिल्टर रिकामा करा, नवा बसवा. त्याच्या तळाच्या सेन्सरचा दिवा त्यानंतरही राहिला तर वायर बघा.

आता तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) आणि खलाशांना एकत्र बसवून सांगा: बझर वाजून इंजिनची गती आपोआप उतरली, तर तो बिघाड नव्हे, इंजिन स्वतःला वाचवतंय. थ्रॉटल दाबून धरायचं नाही. न्यूट्रल करा, धार बघा. धार नसेल किंवा दिवा ऑइलचा असेल तर इंजिन थांबवून नांगर टाका, मग इंजिन वर उचलून पाणी घेण्याच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकलीय का ते पाहा. बझरची वायर तोडलेली होडी मी तरी समुद्रात जाऊ देणार नाही. होडीत जादा इंपेलर, फ्यूज, स्पार्क प्लग, इंधन फिल्टर आणि मल्टिमीटर कोरड्या डब्यात ठेवा. वायरलेसचा 16 नंबरचा चॅनेल चालतो का पाहा आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक केबिनमध्ये रंगाने लिहून काढा. पहिली चाचणी फेरी बंदराच्या आतच मारा, आधी हळू, मग पूर्ण वेगात, आणि परत आल्यावर त्याच गरम इंजिनवर सगळे कनेक्टर एकदा हाताने दाबून बघा.