डुलत्या बोटीवर एका कुकरातला स्वयंपाक

आमच्या बोटीवर स्वयंपाक माझ्याकडे आला तो मी बाई आहे म्हणून नव्हे, मला बोट लागत नाही म्हणून. नवरा शिडांच्या कामात पक्का, पण केबिनमध्ये मान खाली घालून कांदा चिरायला बसला की पाच मिनिटांत पांढराफटक. त्याच्या मित्राचं तर गॅसच्या वासानंच पोट ढवळतं. त्यामुळे ३० फुटांची बोट, चार माणसं, दोन बर्नरची शेगडी आणि मांडव्याहून पणजीपर्यंतचे दोनशेच्या वर सागरी मैल, एवढा संसार माझ्या पदरी.

कोकण किनाऱ्यावर काय शिजवायचं हे वारा ठरवतो, आणि कधी शिजवायचं हेही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे जमिनीकडून हलका मतलई वारा येतो. दहा-अकराच्या सुमाराला तो पडतो आणि तास-दीड तास समुद्र तेलासारखा होतो. मग दुपारी वायव्येचा खारा वारा भरतो, तो सूर्य बुडेपर्यंत. माझा स्वयंपाक त्या मधल्या पडीच्या वेळेत उरकलेला असतो. बारानंतर शेगडी पेटवायची म्हणजे शिजवणं कमी आणि भांडी धरणं जास्त.

गोव्याकडे जाताना वारा पाठीशी असतो. ऐकायला बरं वाटतं, पण तेव्हा बोट दोन्ही अंगांना डुलते आणि ओट्यावरची हळदीची डबी आधी इकडे, मग तिकडे धावते. परतीला तोच वारा तोंडावर येतो, बोट एका अंगावर कलून राहते. मला हा कल परवडतो, कारण पाठ एकदा फळीला टेकवली की टेकवली. डुलताना मात्र कंबरेला पट्टा बांधून उभी राहते.

आता भांडं. पातेलं नको, कुकर घ्या. घट्ट बसलेल्या झाकणाचं भांडं आडवं झालं तरी उकळता भात पायावर येत नाही, एवढं एक कारण मला पुरे. पाच लिटरचा, पण बुटका आणि पसरट घ्या. बोटीवरची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते, तिचं वजन खाली असतं म्हणूनच ती सपाट राहते. वर उंच जड कुकर चढवला की तिचा तोल बिघडतो आणि ती लाटेबरोबर उलटी झुलायला लागते. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, नाहीतर डाळीचा फेस शिट्टीत अडकतो. जादा रिंग आणि जादा सेफ्टी व्हॉल्व्ह न विसरता घ्या. जयगडच्या खाडीत नांगर टाकून रात्री आठ वाजता कुकरची रिंग कुठून आणणार?

शेगडीला भांडं धरून ठेवायच्या दांड्या असतात, त्या आवळा. कितीही उकडत असलं तरी शिजवताना मी जाड लांब पॅन्ट घालते. गाऊन नाही, ओढणी नाही. उतरवलेला गरम कुकर ओट्यावर ठेवायचा नाही, सिंकमध्ये ठेवायचा. तिथून तो कुठं जात नाही. चहा ओततानाही कप हातात धरायचा नाही, तोही सिंकमध्ये, आणि अर्धाच भरायचा.

गॅसबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरी गळला तर खिडक्या उघडता येतात, बोटीत तो तळाशी जाऊन साचतो आणि ठिणगीची वाट बघत बसतो. सिलेंडर केबिनबाहेर, खालून बाहेरच्या बाजूला भोक असलेल्या कप्प्यात हवा. काम झालं की आधी सिलेंडर बंद करायचा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीची बटणं फिरवायची आणि "गॅस बंद!" असं मोठ्यानं ओरडायचं. मित्राची मुलगी पहिल्या दिवशी हसली होती. आता मी विसरले तर तीच विचारते, "काकू, गॅस?"

आमचा मुख्य पदार्थ सोडेभात. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. फ्रिज नको, बर्फ नको. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र ठेवा. एकदा डब्याचं झाकण सैल राहिलं आणि आठ दिवस उशांपासून लाइफजॅकेटपर्यंत सगळ्याला वास होता. चार माणसांना दोन वाट्या तांदूळ, मूठभर जास्तच सोडे, तीन कांदे, दोन बटाटे. सोडे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून दोनदा चोळून धुवा, त्यांत वाळू असते. तेलात हिंग, मग कांदा चांगला लाल होईपर्यंत परता. घाई इथं करू नका, सगळी चव त्या कांद्यात आहे. मग सोडे घालून तेही परता, हळद, तिखट, गरम मसाला, बटाट्याच्या मोठ्या फोडी, धुतलेले तांदूळ, चार-पाच आमसुलं आणि चार वाट्या गरम पाणी. मीठ हात राखून, सोडे मुळात खारट असतात. दोन शिट्ट्या, गॅस बंद. कुकर जुन्या टॉवेलात गुंडाळून सिंकमध्ये. वीस मिनिटांनी उघडायचा. ओलं खोबरं, कोथिंबीर वगैरे पुण्या-मुंबईचे लाड तिथं आठवतसुद्धा नाहीत.

कुणाला बोट लागलीच तर त्याला सोड्याचा वाससुद्धा नको. त्याच्यासाठी तांदळाच्या तिप्पट-चौपट पाणी घालून मऊभात, वर मेतकूट. तोवर आलेपाकाची वडी चघळायला द्या आणि त्याला वर, क्षितिजाकडे बघत बसवा. केबिनमध्ये झोपायला पाठवू नका, निदान उलटी होईपर्यंत तरी.

रात्री चालायचं असेल तर मूगडाळीची खिचडी. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी सालाची डाळ, सहा वाट्या पाणी. किनाऱ्यापासून लांब, स्वच्छ पाण्यात असलो तर त्या सहांतली एक वाटी मी समुद्राची घालते आणि वरून मीठ घालत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे वाटीत सात ग्रॅम, चार माणसांना बरोबर. मुंबईच्या बंदरात किंवा खाडीच्या तोंडाशी हे चुकूनही करू नका. खिचडी तीन शिट्ट्यांत होते. रुंद तोंडाचा थर्मास आधी उकळत्या पाण्यानं तापवून घ्यायचा, वाफाळती खिचडी त्यात काठोकाठ भरायची. पाच-सहा तासांत संपवायची. उरलेला कोमट भात सकाळी खायचा नाही, माशांना द्यायचा.

फोडणीचं एक सांगायला हवं. डुलत्या बोटीत कडकडीत तेलात मोहरी तडतडवणं हा वेडेपणा आहे. मी मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या आणि हळदीची फोडणी घरी करून, थंड करून बाटलीत नेते. लसूण त्यात घालत नाही, तेलात मुरलेला लसूण उन्हात धोक्याचा. बाटलीतली दोन चमचे तेल-फोडणी घेऊन दहा मिनिटांत कुळथाची पिठी होते. चार मोठे चमचे पीठ आणि दीड वाटी गार पाणी रिकाम्या बाटलीत घालून खळखळ हलवा, एकही गुठळी राहत नाही. तीन वाट्या पाण्याला फोडणी, आमसूल आणि मीठ घालून उकळी आणा, बाटली त्यात रिती करा, ढवळत राहा. आवडेल तेवढी घट्ट झाली की झालं.

वरणफळं फक्त नांगर टाकल्यावर. विजयदुर्गच्या आडोशाला संध्याकाळ शांत असते, तेव्हा मित्राची मुलगी कणीक मळते, शंकरपाळ्यासारखी कापते आणि शिजलेल्या आंबटगोड वरणात सोडते.

ताटं नेऊ नका. खोल वाडगा आणि चमचा, वाडगा निम्मा भरलेला, कारण दुसरा हात बोटीला धरायला लागतो. पहिला वाडगा सुकाणूवरच्या माणसाला. कांदे जाळीत टांगा, कोबी आणि अख्खा लाल भोपळा न्या, पालेभाजी पहिल्याच दिवशी संपवा. गोडं पाणी पिण्याला आणि शिजवायला, भांडी समुद्राच्या पाण्यानं घासून शेवटी ओंजळभर गोड्यानं विसळायची.

घासायचं पाणी बादलीत काढून घ्या. नवऱ्यानं एकदा करपलेलं पातेलं दोरीला बांधून बोटीमागं सोडलं होतं, म्हणे आपोआप निघेल. पाच नॉटचा, म्हणजे तासाला नऊ किलोमीटरचा वेग होता. दोरीला नुसता कान परत आला. पातेलं देवगडच्या समोर कुठंतरी आहे.