पावसाळी तापात नागपूरकरांनी या चुका टाळाव्यात

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपतो, पाऊस सुरू होतो, पण खिडकीतला कूलर हलत नाही. टाकीत चार बोटं पाणी आणि वर काळी पडलेली ताटी, म्हणजे कूलरची गवताची जाळी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या, वरकरणी स्वच्छ पाण्यात वाढतो. आपण मात्र नालीवर फवारणी व्हावी म्हणून भांडत बसतो.

पाणी ओतून दिलं की काम झालं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एडिसची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या ओलसर पत्र्याला चिकटवते. खसखशीपेक्षाही लहान काळे ठिपके. नुसत्या नजरेला मळच वाटतो. टाकी कोरडी पडली तरी ही अंडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून घ्या. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून टाकीत हात घालू नका, ओल्या पत्र्याचा शॉक जीव घेतो. पाणी कोरड्या मातीवर ओता. मग कडक ब्रशने चारही बाजू, कोपरे आणि पंपाखालची जागा घासा. पाण्याची रेघ उमटलेली असते तिथे जास्त जोर लावा. टाकी उन्हात खडखडीत वाळल्यावरच नवीन पाणी भरा. हंगाम संपला की जुन्या ताट्या फेकून द्या आणि कूलर घासूनच माळ्यावर ठेवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यातल्या डासांची सोय आपणच करून ठेवतो.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. हा डास दिवसा चावतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. तेव्हा चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी तोच विषाणू घरातल्या दुसऱ्याला देतो. एकाच घरात पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दुसरा माणूस आजारी पडतो, तो बऱ्याचदा असा.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होणं ही दुसरी मोठी चूक. डेंग्यूत धोका तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरताना असतो. तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपून बाहेर जातं, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळतो. घरचे मात्र प्लेटलेटचा आकडा धरून बसतात. त्याच रिपोर्टात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वाढतोय का, हेही डॉक्टरांना विचारा. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, गळून जाणं: यातलं एकही दिसलं तर दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

तपासणीची वेळही चुकते. डेंग्यूसाठी विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम त्यानंतर. टायफॉइडसाठी दुसऱ्याच दिवशी केलेल्या विडाल या रक्तचाचणीवर विसंबू नका. कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या.

2018 साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफस या जीवाणूमुळे होणाऱ्या तापाची मोठी साथ आली होती. गवत-झुडपांतल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या चिगर नावाच्या किडीच्या चाव्यातून तो होतो. चावा दुखत नाही, तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते, तीही काख, जांघ किंवा कंबरपट्ट्याखाली. शोधल्याशिवाय सापडत नाही, आणि प्रत्येकाला ती येतेच असंही नाही. हा जीवाणू पेशीच्या आत लपून वाढतो, त्यामुळे अमॉक्सिसिलिनसारखी औषधं त्याच्यावर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालतं. शेतावर किंवा गवतात जाणं झालं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

पोटाच्या आजारात दोष नेहमी कालच्या पाणीपुरीला. कॉलराची लक्षणं काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत दिसतात, टायफॉइडला आठवडा-दोन आठवडे लागतात, दूषित पाण्याच्या काविळीला बहुधा दोन ते सहा आठवडे. म्हणजे कावीळ आज दिसली तर महिन्यापूर्वी पाणी कुठलं प्यायलो, ते आठवा. उलट खाल्ल्यावर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर बहुतेक वेळा जंतूने अन्नात आधीच विष तयार करून ठेवलेलं असतं. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर आचेने जंतू मरतात, विष तसंच राहतं.

पाणी उकळून माठात भरायचं आणि त्यात हात बुडवून पेला भरायचा, तर गॅस वाया गेला. लांब दांड्याचं ओगराळं वापरा किंवा तोटीचा माठ घ्या.

शेवटचं, ओआरएस. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात कालवू नका. 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच. घट्ट द्रावणातली जास्तीची साखर-मीठ आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. फार पातळ केलं तर क्षार पुरत नाहीत. कॉलराचं विष आतड्यातून पाणी बाहेर काढत असतानाही ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत शोषण्याची वाट चालू असते, आणि त्यांच्या मागून पाणी जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पेयावर कॉलराचे रुग्ण वाचवले. पाकीट मिळालं नाही तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने पाजा. तयार द्रावण 24 तासांनंतर ओतून द्या.