पीएलचं वेळापत्रक: तास नको, खेपा मोजा

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की पहिला दिवस रंगीत पेनांनी वेळापत्रक रंगवण्यात जातो. सहा ते आठ अमुक, आठ ते दहा तमुक. चौथ्या दिवशी कागद भिंतीवरच असतो, आपण मात्र दोन विषय मागे. यात आळसापेक्षा हिशेबाची चूक मोठी असते. तास वाटले जातात, काम कोणी मोजतच नाही.

तेव्हा आधी काम मोजा. समजा चार विषय, प्रत्येकी चार युनिट, म्हणजे १६ युनिट. एका युनिटला तीन खेपा धरा: पहिली वाचून समजून घेण्याची, दुसरी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिण्याची, तिसरी जुन्या प्रश्नपत्रिकेतले प्रश्न घड्याळ लावून सोडवण्याची. झाल्या ४८ खेपा. एक खेप ५० मिनिटांची, मग १० मिनिटं उठायचं. (मोबाइल घेऊन आडवं होणं म्हणजे उठणं नव्हे.) तीन आठवड्यांतले रविवार सोडले तर १८ दिवस उरतात, रोज तीन खेपा धरल्या तर ५४ होतात. म्हणजे सहा खेपा शिल्लक. त्या अवघड युनिटसाठी राखा. रोज तीन हा आकडा किरकोळ वाटेल, पण जर्नल, सबमिशन, प्रवास आणि घरची कामं धरून तो रोज पाळता येतो. 'बारा तास अभ्यास' बहुधा दोन दिवस टिकतो.

आता मांडणी. सोमवारी सुरुवात केली, तर दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारनंतर नवं युनिट उघडायचं नाही. वाचल्यावर दोन दिवसांनी दुसरी खेप. तिसरी खेप शेवटच्या आठवड्यात, सगळ्या युनिटची.

दुसरी खेप सर्वांत नकोशी असते, म्हणून तीच गाळली जाते. तिच्याऐवजी नोट्स पुन्हा वाचल्या की 'येतंय सगळं' असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. पेपर पाच मिनिटांनी नसतो.

उदाहरणार्थ, अर्थशास्त्रातली मागणीची किंमत लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते. कोऱ्या कागदावर व्याख्या, सूत्र, पाच प्रकार आणि प्रत्येकाची आकृती काढा. मग एक गणित: वडापाव २० रुपयांचा २२ झाला, खप १०० वरून ८० वर आला. किंमत १० टक्के वाढली, मागणी २० टक्के घटली, लवचिकता २, म्हणजे जास्त लवचीक. आता पुस्तक उघडा आणि चुकलेलं, सुटलेलं लाल पेनाने भरा. अक्षांना नावं द्यायची राहतात: किंमत उभ्या अक्षावर, मागणी आडव्या. पूर्ण अलवचीक मागणीची उभी रेषा हमखास आडवी काढली जाते. तिसऱ्या खेपेआधी फक्त ही लाल शाई वाचायची, अख्खं प्रकरण नाही.

तिसऱ्या खेपेत गुणांना मिनिटं लावा. पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा असेल तर एका गुणाला दोन मिनिटं; दहा गुणांच्या प्रश्नाला २०. वाचायला आणि तपासायला २० मिनिटं उरतात. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. पहिला प्रश्न पाल्हाळाने लिहून शेवटचा सोडून येण्याची सवय इथेच मोडते.

आवडीच्या विषयापासून सुरुवात करू नका. तो लांबतो आणि केटीची (नापास होऊन पेपर पुन्हा देण्याची) भीती असलेला विषय शेवटच्या आठवड्यात ढकलला जातो. दिवसाची पहिली खेप त्या नावडत्याला द्या.

मध्येच ताप आला, लग्न निघालं, दिवस बुडाला, तर त्या तीन खेपा दुसऱ्या दिवशी कोंबून सहा करू नका. दोन्ही दिवस वाया जातात. त्या खेपा रविवारी भरून काढा. तो मोकळा ठेवलाय तो याचसाठी.